स्टँडर्ड म्हणजे लिमिट नाही रे
वर्गातल्या हुशार पोरांना पुढचं कसं देऊ म्हणून अभ्यासक्रमाच्या स्टँडर्डचं डॉक्युमेंट बघून टेन्शन घेऊ नकोस, त्यात वर्षअखेर मुलांना किमान काय यायला हवं तेवढंच असतं, पुढे जायचं नाही हे शाळाच ठरवून टाकतात. अमेरिकेतलं कॉमन कोअर (तिथल्या शाळांचं असंच स्टँडर्ड) बघ, २०१० ला आलं, आठवीत अल्जिब्रा नको असं त्यात कुठेच नाही, तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये तो नववीत ढकलला होता. तू टॉपिक तोच ठेव, प्रश्न बदल. ३/४ + १/६ करा हे सगळेच देतात, त्याऐवजी वेगळ्या छेदांचे दोन अपूर्णांक शोधा, बेरीज ११/१२ यायला हवी असं दे, हुशार पोरंही डोकं खाजवतात (आणि उत्तरं बरीच निघतात म्हणून कॉपी लगेच कळते). जादा वर्कशीट मात्र देऊ नकोस, ती शिक्षाच वाटते त्यांना.