पाहुण्याने विचारावं, म्हणूनच आम्ही उभे असतो

गेल्या अंकात उंची रेस्टॉरंटमधल्या सर्व्हिसविषयी लिहिलं आणि शेवटी ‘मनात असेल ते विचारा’ असं म्हटलं होतं. पत्रं बरीच आली, आणि बहुतेक सगळी संकोचाची. आधी स्टुअर्ड म्हणजे वेटर, मग कॅप्टन म्हणजे वेटरांवरचा प्रमुख, आणि पुढे मॅनेजर म्हणून माझं सगळं आयुष्य अशाच टेबलांच्या मधून फिरण्यात गेलं. त्यामुळे हा संकोच मला दारातूनच ओळखू येतो. माणूस आवाज खाली आणून बोलायला लागतो, मेन्यू उघडतो आणि पहिल्यांदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या तोंडाकडे बघतो. हा संकोच थोडा जरी कमी झाला तर मला हवंच आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत. त्यांना मोठ्या रेस्टॉरंटमध्ये न्यायचं ठरवलंय, पण आई म्हणते, ‘मला ते काटे-सुऱ्या जमणार नाहीत, तुम्हीच जाऊन या.’ तिला काय सांगू?

आईंना सांगा की तिथे परीक्षा घ्यायला कोणी उभं नसतं. आम्ही उभे असतो ते त्यांना काही लागलं तर आणून द्यायला.

टेबलावर एवढी कटलरी का मांडतात हे एकदा कळलं की तिची भीती जाते. युरोपात पूर्वी श्रीमंतांच्या जेवणात सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत रुळली. पदार्थ एकामागून एक येऊ लागले आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा वाटा मिळू लागला. मग कटलरीही त्याच क्रमाने मांडायची रीत पडली. सर्वांत बाहेरची जोडी पहिल्या पदार्थासाठी, तिच्या आतली दुसऱ्यासाठी. एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. छोटी ब्रेडची प्लेट डावीकडची आपली, पाण्याचा ग्लास उजवीकडचा आपला. ब्रेड सुरीने कापायचा नाही, हाताने तोडायचा.

शिवाय ऑर्डर दिल्यावर स्टुअर्ड येऊन नको असलेली कटलरी उचलतो आणि लागणारी ठेवतो. आईंनी चुकीचा काटा उचलला तर पुढचा पदार्थ येण्याआधी दुसरा आणून ठेवणं हे आमचं कामच आहे. ते असं करायचं की टेबलावरच्या कोणाला कळूही नये.

मात्र एक खूण त्यांना जरूर शिकवा, कारण तिचा खरंच उपयोग होतो. मध्येच थांबायचं असेल तर काटा आणि सुरी प्लेटमध्ये एकमेकांपासून लांब, तिरकी ठेवायची. जेवण झालं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी जोडून. ही खूण बघून आम्ही प्लेट उचलतो. नवीन मुलांना मी नेहमी सांगायचो, शंका असेल तर विचार, पण कोणाच्या समोरून अर्धी भरलेली प्लेट नेऊ नकोस.

बुकिंग करताना मोकळेपणाने सांगून टाका: चाळीस वर्षं झाली म्हणून येतोय, आईला जरा अवघडल्यासारखं होतं, किचनच्या दारापासून लांबचं, भिंतीकडेचं टेबल द्या. चांगला मॅनेजर हे बुकिंगच्या वहीत लिहून ठेवतो आणि त्या टेबलावर शांत स्वभावाचा मुलगा देतो. चमचा हवा असेल तर चमचा मागा. एकदा एका आजींनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं होतं, ‘बाळ, हा मासा हाताने खाल्ला तर चालेल का?’ मी ‘हो’ म्हटलं आणि लिंबाची फोड टाकलेलं कोमट पाणी वाटीत आणून ठेवलं. आजींनी तो मासा असा खाल्ला की प्लेटमध्ये फक्त मधला काटा उरला, शेपटीपर्यंत स्वच्छ. ती प्लेट मी मुद्दाम किचनमध्ये नेऊन शेफला दाखवली. त्याचा चेहरा उजळला होता.

भल्यामोठ्या प्लेटमध्ये मध्यभागी तीन घास, आणि बिल मात्र भरभक्कम. हे पैसे नक्की कशाचे?

सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची. त्यासाठी जरा आत किचनमध्ये चला.

पदार्थाखाली जो चमचाभर गडद सॉस असतो, तो आदल्या दिवशी सुरू झालेला असतो. हाडं भाजायची, भाज्या घालून मंद आचेवर सात-आठ तास ठेवायची, वर येणारा फेस काढत राहायचं, गाळायचं, आणि मग आटवत न्यायचं. मोठं पातेलंभर पाणी असतं, त्याचे शेवटी काही कप उरतात. तुम्ही आठ वाजता येऊन बसता तेव्हा आत दुपारपासून कापणं, सोलणं, मोजून भांड्यांत भरून ठेवणं चाललेलं असतं. या तयारीला किचनमध्ये मीज आँ प्लास म्हणतात. ती कच्ची राहिली तर संध्याकाळ कोसळते.

आता तुमची ऑर्डर. चौघं जण, चार वेगळे पदार्थ. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, आत जाते. किचन आणि हॉल यांच्यामधल्या ओट्याला पास म्हणतात. तिथे उभा असलेला शेफ केओटी मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक विभागातून ‘येस शेफ’ ऐकू येतं. सॉसचा एक, माशाचा एक, भाजण्याचा एक, गोडाचा एक अशी कामाची विभागणी ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने बसवली. 1890 मध्ये तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमध्ये आला, त्या काळातली ही व्यवस्था आजही बहुतेक मोठ्या किचनचा कणा आहे. मांस शिजल्यावर काही मिनिटं तसंच ठेवावं लागतं, नाहीतर कापताना सगळा रस बाहेर येतो. म्हणून ते आधी आचेवर चढतं. मासा थोड्या मिनिटांत होतो, म्हणून तो सगळ्यांत शेवटी. चारही प्लेट एकाच वेळी पासवर पोचल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर बाकीच्या तीन गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली ताटकळतात, आणि कडक शेफ असेल तर त्या पुन्हा करायला लावतो. मग गरम केलेल्या प्लेटची कड फडक्याने पुसली जाते, दोन स्टुअर्ड चार प्लेट उचलतात आणि तुमच्यासमोर एकदम ठेवतात. तुम्हाला दिसतो तो फक्त हा शेवटचा क्षण.

प्लेट मोठी असण्याचं कारणही साधं आहे. रुंद कडेमुळे वाढणाऱ्याचा अंगठा पदार्थापर्यंत जात नाही आणि सॉस जागच्या जागी राहतो.

म्हणजे तीन घासांचं प्रत्येक बिल योग्यच असतं असं मात्र मी म्हणणार नाही. टेस्टिंग मेन्यू असेल तर आठ-दहा छोटे पदार्थ येतात, अडीच-तीन तास जातात आणि माणूस पोटभर जेवून उठतो. तिथे एकेक पदार्थ छोटाच हवा. पण आ ला कार्त मेन्यूतून, म्हणजे एकेक पदार्थ निवडून, तुम्ही मेन कोर्स मागवला आणि तरीही तीनच घास आले, तर तो पाहुण्यावर अन्याय आहे. हे मी आमच्या शेफलाही तोंडावर सांगत आलो. ऑर्डर देण्याआधी ‘एकाला किती होतं?’ असं बेलाशक विचारा. खरं उत्तर मिळालं नाही तर ते रेस्टॉरंट कितीही चकचकीत असो, माझ्या लेखी कच्चंच.

मिशेलिनचे तारे म्हणजे काय? टायर बनवणारी कंपनी तीच का?

हो, तीच. 1900 मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. लोकांनी गाडीने हिंडावं, म्हणजे टायर झिजतील, हा हिशोब. रेस्टॉरंटला तारा द्यायला 1926 मध्ये सुरुवात झाली आणि पुढे एक, दोन, तीन अशी श्रेणी आली. तारा रेस्टॉरंटला मिळतो, आणि तो पानावर आलेल्या पदार्थासाठी असतो. झुंबरं, खुर्च्या यांचा त्याच्याशी संबंध नाही. तपासणारा माणूस ओळख न देता येतो, जेवतो, बिल भरतो आणि जातो. तारा नसलेल्या कित्येक ठिकाणी मी फार सुंदर जेवलो आहे, तेव्हा केवळ ताऱ्यांवरून ठरवू नका.

वाइन मागवली की ग्लासात थोडीशी ओतून वेटर थांबून राहतो. अशा वेळी काय म्हणायचं? आणि आम्ही घेतच नसलो तर?

‘आवडली का’ असं तो विचारत नसतो. बाटली खराब तर झालेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. कधी कधी बुचातल्या एका रसायनामुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट तळघरासारखा वास येतो. तसं वाटलं तर सांगा, बाटली बदलून मिळते. काही वावगं नसेल तर मान हलवा, तो पुढे वाढेल. त्याआधी बाटलीवरचं लेबल दाखवतात ते तुम्ही सांगितलेलीच वाइन आणि तेच वर्ष आहे ना, हे पडताळायला. बूच हुंगायची गरज नाही.

कोणती घ्यावी कळत नसेल तर सोमेलिएला, म्हणजे वाइन बघणाऱ्या माणसाला, बोलवा. पाहुण्यांसमोर पैशांचं बोलायचं नसेल तर यादीतल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवून ‘या आसपासचं काहीतरी सुचवा’ म्हणा. त्याला लगेच कळतं. आणि घेत नसाल तर ‘नको’ म्हणा. वाइनचा ग्लास उचलून नेला जाईल, ‘का’ म्हणून कोणी विचारणार नाही.

आम्ही शाकाहारी आहोत, आणि मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मेन्यूवर हिरवी खूण असली की पुरे का?

नाही, पुरे नाही. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मांस डोळ्यांना दिसतं, पण बाकीचं दिसत नाही. भाज्यांचं सूप कधी कोंबडीच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या रसात, केलेलं असतं. गोड पदार्थ घट्ट व्हावा म्हणून जिलेटिन घालतात, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. इटलीचं पारंपरिक पार्मेझान चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या पदार्थाने विरजतं. वूस्टर सॉसमध्ये सहसा अँकोव्ही मासे असतात. तेव्हा ‘व्हेज आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘स्टॉक कशाचा आहे, जिलेटिन आहे का, चीज कोणतं?’ असं विचारा. स्टुअर्डला माहीत नसेल तर त्याने आत जाऊन विचारून आलं पाहिजे. ‘असेल व्हेजच’ असं तो जागेवरूनच म्हणाला तर कॅप्टनला बोलवा.

ॲलर्जी बुकिंग करतानाच सांगा, आणि टेबलावर बसल्यावर पुन्हा सांगा. दोन्ही वेळा सांगणं गरजेचं आहे, कारण फोन घेणारा आणि ऑर्डर घेणारा माणूस वेगळा असतो. युरोपीय संघात तर डिसेंबर 2014 पासून चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे, शेंगदाणा आणि तीळ त्यात येतात. पण कायदा असो वा नसो, चांगल्या किचनमध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द आला की पाट, सुरी, तवा सगळं बदलतात, तेल वेगळं घेतात. आणि म्हणूनच एक विनंती. नुसतं आवडत नसलेल्या गोष्टीला ॲलर्जी म्हणू नका. ‘कांदा नको’ म्हटलंत तरी मिळेल. उगाच ॲलर्जी सांगणारे वाढले की ज्याला खरंच धोका आहे त्याच्याकडे बघणारी नजर सैल होते, आणि तिथे एखाद्या मुलाचा जीव असतो.

पदार्थ बिघडला असेल तर परत पाठवणं बरं दिसतं का?

दिसतं, पण लगेच पाठवा. वाढून दोन-तीन मिनिटं झाली की स्टुअर्ड टेबलाशी येतो तो त्यासाठीच. तेव्हा ‘छान आहे’ म्हणायचं, निमूटपणे निम्मं संपवायचं आणि घरी जाऊन राग काढायचा, याने ना तुमचं जेवण सुधारतं ना आमचं किचन. काय झालं ते नेमकं सांगा. मीठ जास्त आहे, मासा आत कच्चा आहे, सूप कोमट आहे. नुसतं ‘बरोबर नाही’ म्हटलं की शेफला दुरुस्त काय करायचं ते कळत नाही.

पदार्थांचे फोटो काढले तर चालतात?

चालतात. फ्लॅश नको, शेजारच्यांना त्रास होतो. आणि गरम पदार्थ आधी खा.

ऐन वेळी बेत रद्द झाला आणि कळवायचं राहून गेलं, तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. छोट्या रेस्टॉरंटमध्ये रात्रीची टेबलं मोजकी असतात. तुमच्या सहा जणांचा मासा सकाळी आलेला असतो, तयारी झालेली असते, आणि त्याच टेबलासाठी दुसऱ्या कोणाला नाही म्हटलेलं असतं. म्हणून तर आता कितीतरी ठिकाणी बुकिंगलाच आगाऊ पैसे घेतात. दुपारपर्यंत एक फोन आला तरी टेबल दुसऱ्याला देता येतं. उशीर होणार असेल तरी कळवा. आम्ही रागावत नाही, उलट टेबल धरून ठेवतो.

मी पाहुण्यांना घेऊन जाणार आहे. बिल आलं की टेबलावर ‘मी देतो, मी देतो’ सुरू होतं, ते टाळता येईल का?

सहज टाळता येईल. पाहुण्यांच्या आधी दहा मिनिटं पोचा, मॅनेजरला भेटा आणि बिल तुमच्याकडेच येईल असं सांगून ठेवा. कार्डाने पैसे देणार असाल तर शेवटी फक्त पिन टाकायला काउंटरवर यायचं. काही जुन्या रेस्टॉरंटांत पाहुण्यांसाठी किमती न छापलेला मेन्यू असतो, तोही मागून बघा. सर्व्हिस चार्ज बिलात धरला आहे का, हे त्याच वेळी विचारून घ्या. धरला असेल तर वर आणखी टिप द्यायलाच हवी असं नाही. आणि द्यायची असेलच, तर ती भांडी धुणाऱ्या पोरांपर्यंतही पोचते का, तेही मॅनेजरला विचारा.