पोरगी सात वर्षांची झाली तेव्हा

"मॅडम, पोरीला आंघोळ घालाय गेलो की माझा हात थांबतोय. मी चांगली आई न्हाई."

राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ओढणीचं टोक पिळत ती बोलत होती. (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल 'गेलो, आलो' म्हणतात, शब्द तिचेच ठेवलेत, ओळखीच्या खुणा बदलल्यात.) मुलगी नुकतीच सात वर्षांची झाली होती. या आईवर लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत, आजोळी, नात्यातल्याच माणसाने हात टाकला तेव्हा हीही सातच वर्षांची होती. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं निभावलं आणि आता मुलीचं वय तिथे येऊन ठेपलं तसं सगळं वर आलं. असं खूप जणींचं होतं.

मुलीला ती शेजारीसुद्धा पाठवत नव्हती. आंघोळीला तांब्या हातात देऊन स्वतः दाराकडे तोंड करून उभी राहायची. एकदा मुलीने विचारलं, "आई, मी घाण हाय का?" त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली.

तिची खरी भीती वेगळीच होती: आपल्यावर जे झालं ते आपल्या हातून पोरीवर होईल का? हा प्रश्न मला बऱ्याच आया विचारतात, अगदी खालच्या आवाजात. उत्तर स्पष्ट आहे. लहानपणी अत्याचार सोसलेल्या बहुतेक आया आपल्या मुलांवर अत्याचार करत नाहीत. त्रास होतो तो असा, अती जपण्यातून, स्पर्श टाळण्यातून, मनात दबलेल्या नैराश्यातून. केंद्र सरकारच्या 2007 च्या 13 राज्यांतल्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं होतं. त्यातली कितीतरी आज आईबाप असतील, आणि गप्प असतील. मला याचं फार वाईट वाटतं.

आम्ही आधी मुलीबद्दल नाही, तिच्याबद्दलच बोललो. हात थांबला की पाय ओल्या फरशीवर घट्ट टेकवायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "हे माझं घर, ही माझी लेक, मी चौतीस वर्षांची हाय." तिसऱ्या महिन्यात तिने नवऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, उठून चहा टाकला. मुलीला तिने स्वतःच शिकवलं: कुणी हात लावला, गुपित ठेव म्हटलं, तर आईला सांगायचं, आई रागवणार न्हाई.

परवा सांगत होती, पोरीच्या डोक्याला तेल लावलं. लेक म्हणाली, "आई, आणि थोडा वेळ चोळ की."