खोक्यातली अमेरिका वर्गात नेताना

प्रश्न : सर नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. आमचे एक माजी विद्यार्थी बरीच वर्षं न्यू जर्सीला आहेत, ते गणपतीला गावी आले तेव्हा शाळेला एक मोठं खोकं देऊन गेले. तिकडच्या मुलांसाठीचं पूरक साहित्य आहे, म्हणजे रंगीत पोस्टर, वर्कशीटचे गठ्ठे, राष्ट्राध्यक्षांची कार्डं, एक छोटं नाटक, ‘चांगला नागरिक’ असा चार्ट आणि पेन ड्राईव्हमध्ये व्हिडिओ. मुख्याध्यापक म्हणतात शनिवारी नववीला वापरा. छपाई इतकी सुंदर आहे की मुलं तुटून पडतील, पण यातलं खरं किती आणि एकतर्फी किती हे मी कसं ठरवू? अमेरिकेचा इतिहास मी बीएला एका पेपरपुरताच वाचलाय. आणि वापरलं नाही तर देणाऱ्याचं मन दुखावेल, ती वेगळी पंचाईत. — एक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : बाई, तुम्ही वापरायच्या आधी थांबलात आणि विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण फुकट आलेलं आणि गुळगुळीत कागदावर छापलेलं साहित्य शाळेत बहुतेक वेळा न वाचताच भिंतीवर लागतं, हे मी माझ्या नोकरीत कितीदा बघितलंय.

एका रविवारी ते खोकं घेऊन खळ्यात बसा आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन एवढंच बघा की ही वस्तू मुलाच्या हातात पुरावा देते की नुसता निकाल देते. पुरावा म्हणजे त्या काळातलं पत्र, चित्र, कायद्याचं कलम, कोर्टातली साक्ष, जे मूल स्वतः वाचून ‘पण सर, असं कसं?’ असं विचारू शकतं. निकाल म्हणजे ‘अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन कधीच खोटं बोलले नाहीत’ हे वाक्य. ते पाठ करता येतं, तपासता येत नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या कार्डांत चेरीच्या झाडाची गोष्ट बहुतेक असेलच, लहान जॉर्ज वॉशिंग्टनने कुऱ्हाडीने झाड तोडलं आणि वडिलांना खरं सांगितलं ती. वॉशिंग्टन वारले १७९९ ला आणि ही गोष्ट पहिल्यांदा छापून आली १८०६ मध्ये, वीम्स नावाच्या एका पाद्रीने लिहिलेल्या चरित्राच्या पाचव्या आवृत्तीत, त्याआधीचा कसलाही आधार नाही. अमेरिकेचा पहिला झेंडा बेट्सी रॉस यांनी शिवला ही गोष्टही तशीच, ती लोकांसमोर आली १८७० ला, सांगणारे त्यांचे नातू, म्हणजे झेंड्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. मी स्वतः चेरीची गोष्ट कितीतरी वर्षं मुलांना खरी म्हणून सांगितली, त्याचं आजही वाईट वाटतं. पण ती कार्डं टाकू नका. ‘ही गोष्ट सगळ्यात आधी कोणी सांगितली, कधी सांगितली, आणि त्याला कशी कळली असेल’ हे तीन प्रश्न फळ्यावर लिहा आणि कार्डं वाटा. आपल्याकडच्या थोरांच्या बालपणीच्या गोष्टींनाही मुलं मग आपणहून तेच प्रश्न लावतात, तेव्हा दचकू नका, लावू द्या.

पोस्टरांमध्ये बोस्टनच्या गोळीबाराचं चित्र आहे का ते नक्की शोधा, लाल डगलेवाले इंग्रज सैनिक एका रांगेत उभे राहून लोकांवर गोळ्या झाडतायत असं. असेल तर तुमच्या खोक्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. ५ मार्च १७७० ची घटना, पाच माणसं मेली, त्यात क्रिस्पस अॅटक्स हे आफ्रिकन आणि अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशाचे खलाशी होते. हे चित्र पॉल रिव्हियर यांनी काही आठवड्यांतच छापून विकायला काढलं, आणि ते नीट बघितलं तर कळतं की ते लोकांना चिडवण्यासाठीच काढलंय. सैनिक शिस्तीत रांगेत आहेत आणि अधिकारी मागून तलवार उचलून हुकूम देतोय, पण प्रत्यक्षात तिथे गोंधळ होता, जमाव बर्फाचे गोळे आणि काठ्या घेऊन अंगावर येत होता, ते चित्रात नाहीच. सैनिकांच्या मागच्या इमारतीवर पाटी आहे ‘बुचर्स हॉल’, म्हणजे खाटीकखाना, आणि ती जागा खरं तर जकात कचेरीची. मुलांना आधी काही सांगू नका, पाच मिनिटं नुसतं बघू द्या, काय दिसतंय ते लिहू द्या, मग विचारा की चित्र काढणाऱ्याला तुम्हाला काय वाटायला हवं होतं.

त्याच्यापुढची गोष्ट वर्कशीटमध्ये बऱ्याचदा नसते, ती तुम्ही सांगा. त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अॅडम्स यांनी, जे स्वतः इंग्रजांच्या विरोधातले आणि पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. सगळं शहर खवळलेलं असताना त्यांनी खटला लढवला, कॅप्टन निर्दोष सुटला, आठ सैनिकांपैकी सहा सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा ठरला. ज्याचा आपल्याला राग येतो त्यालाही वकील मिळाला पाहिजे, त्याचंही म्हणणं कोर्टाने ऐकलं पाहिजे, हे नागरिकशास्त्र पोरांच्या मनात जाईल ते या खटल्यातून. चार्टवर ‘न्यायाने वागा’ लिहिलेलं असून तसं होत नाही.

बोस्टनच्या चहाच्या वर्कशीटमध्ये ‘इंग्रजांनी चहा महाग केला म्हणून लोकांनी तो समुद्रात फेकला’ असं असेल तर पेन्सिलने खूण करा. १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. राग होता तो आपला प्रतिनिधी ज्या पार्लमेंटमध्ये नाही त्या पार्लमेंटने कर लावायचा याचा, आणि एका कंपनीला मक्ता द्यायचा याचा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, आणि कंपनी कुठली, तर आपल्याकडे राज्य केलं तीच ईस्ट इंडिया कंपनी. शिवाय अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७८१ ला यॉर्कटाऊनला ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात, कारण तोपर्यंत त्यांना ती गोष्ट कुठल्यातरी लांबच्या देशाची वाटत असते.

आता अवघड भाग. साहित्यातले शब्द आणि क्रियापदं तपासा. २०१५ मध्ये टेक्सासच्या एका पाठ्यपुस्तकात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांना ‘कामगार’ म्हटलं होतं, एका विद्यार्थ्याने ते आईला दाखवलं, बोभाटा झाला आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. एक शब्द, पण त्याच्यात मजुरी आली, मर्जी आली आणि बेड्या गेल्या. तसंच ‘मूळनिवासींना पश्चिमेकडे जावं लागलं’ असं वाक्य दिसलं तर विचारा की कोणी घालवलं? १८३० चा कायदा होता, सरकारने घालवलं. जे साहित्य करणाऱ्याचं नाव वाक्यातून काढून टाकतं ते माझ्या मते वर्गात नेऊ नये, किंवा न्यायचं तर ते वाक्य दुरुस्त करण्यासाठीच न्यावं.

पण बाई, याच्या उलट टोकाचंही साहित्य असतं, ज्यात सगळी अमेरिका म्हणजे नुसतं पाप. तेही निकालच देतं. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मुख्यतः लिहिणारे जेफरसन ‘सगळी माणसं समान’ म्हणाले आणि त्यांनी आयुष्यात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून राबवली, या दोन्ही गोष्टी एकाच पानावर पाहिजेत. आणि तिसरीही पाहिजे, ती म्हणजे स्वतः गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस ५ जुलै १८५२ ला भाषणात विचारतात की तुमचा हा ४ जुलै गुलामाचा काय लागतो, आणि त्याच जाहीरनाम्यातली तत्त्वं हातात धरून विचारतात. आपले जोतीराव फुले हे सगळं बघत होते, १८७३ ला त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. तुमच्या खोक्यात हे असणार नाही, ते तुम्हीच घालायचं.

आणि एक तास महाडसाठी ठेवा, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती. फळ्याचे दोन भाग करा. एका बाजूला अमेरिकेची १८७० ची पंधरावी घटनादुरुस्ती, वंशावरून मताचा हक्क नाकारता येणार नाही असं म्हणणारी, आणि मग दक्षिणेत परीक्षा, कर, धाकदपटशा करून तो हक्क नाकारलाच गेला, शेवटी १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. दुसऱ्या बाजूला १९२३ चा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव, आणि तरी पाणी घ्यायची सोय नाही म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. कागदावर हक्क होता, तो हातात यायला माणसांना चालत जावं लागलं. आणि हे दोन लढे एकमेकांना ओळखत होते बरं का, १९४६ ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. महाड काही तुम्हाला लांब नाही, जमलं तर मुलांना एसटीने नेऊनच दाखवा.

‘चांगला नागरिक’ चार्टवर नियम पाळा, झेंड्याला वंदन करा, मोठ्यांचं ऐका, एवढंच असेल तर तो अर्धवट आहे. १९४३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळा मुलावर झेंड्याला वंदन करायची सक्ती करू शकत नाही, आणि तेव्हा महायुद्ध चालू होतं. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८६ ला केरळच्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं, ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत होती पण धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती. हे दोन निकाल मुलांसमोर ठेवा आणि वाद घालू द्या, वर्गात दोन्ही बाजूंनी हात वर येतील. तुमचं मत शेवटी सांगा, किंवा त्या दिवशी सांगूच नका.

नाटकाबद्दल एकच. खटला, सभा, मतदान हे मुलांनी करून बघावं, पण गुलामांचा लिलाव किंवा हाकलून देण्याचा प्रसंग मुलांना करायला लावू नका. कुठल्या मुलाच्या घरात कसल्या अपमानाच्या आठवणी आहेत ते आपल्याला माहीत नसतं आणि खेळ म्हणून उभं केलेलं दुःख लगेच हसण्यावारी जातं.

व्हिडिओ मी सगळ्यात खाली ठेवेन. पावसात लाईटचा भरवसा नाही हे एक, आणि व्हिडिओ मध्येच थांबून प्रश्न विचारू देत नाही. त्यापेक्षा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या आणि नॅशनल आर्काइव्ह्जच्या साईटवर मूळ कागद आणि फोटो फुकट मिळतात, शिक्षकांसाठी चित्र कसं वाचायचं त्याचे तक्तेही आहेत, एका तासाला एक पान काढा, इंग्रजीच्या चार ओळी निवडा, त्याचं मराठी मुलांबरोबर फळ्यावर करा. एक पान खूप होतं.

देणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांना फोन करा आणि सरळ सांगा की एवढं वापरलं, एवढं बाजूला ठेवलं आणि का ठेवलं. त्यांना एक दिवस व्हिडिओ कॉलवर वर्गाशी बोलायला बोलवा, तिकडे त्यांच्या स्वतःच्या मुलांना हे कसं शिकवतात ते विचारा. गावच्या शाळेसाठी एवढं ओझं विमानातून आणणारा माणूस याने दुखावणार नाही.

प्रश्न : असल्या वर्कबुकची झेरॉक्स काढून मुलांना वाटली तर चालते का? — श्रीवर्धनहून एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने प्रती काढायला मुभा आहे, तेव्हा वर्गापुरत्या लागतील तेवढ्या पानांना हरकत नाही. अख्खं पुस्तक काढून विकायचं मात्र नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या मजकुरावर तिकडे कॉपीराइटच नसतो, तो बिनधास्त वापरा.

प्रश्न : सिंधुदुर्ग किल्ल्याची नीट माहिती आमच्या पोरांना नाही आणि अमेरिका कशाला शिकवायची? — एक पालक, मालवण

उत्तर : तुमचा राग मला कळतो आणि अर्धा मला मान्यही आहे. किल्ल्याचा तास कापून अमेरिका शिकवू नये, आणि असल्या साहित्यावर शाळेने एक रुपयाही खर्च करू नये. पण आपल्या घटनेत अमेरिकेची घटना कुठे कुठे आलीय ते पोरांना कळायला हवं. सरनाम्याची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशीच तिकडचीही आहे, मूलभूत हक्क न्यायालयात मागता येतात ही कल्पनाही तिकडून आली, आणि काही गोष्टी आपण विचार करून घेतल्या नाहीत. १९४७ ला संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला जाऊन तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले, तिकडच्या अनुभवावरून त्यांनी सावध केलं, आणि आपल्या जीविताचं आणि स्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्या कलम २१ मध्ये तिकडचा ‘ड्यू प्रोसेस’ (म्हणजे कायद्याची न्याय्य प्रक्रिया) हा शब्द न घेता ‘कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती’ असं लिहिलं गेलं. पुढे १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने ती कार्यपद्धती न्याय्यही असली पाहिजे असं म्हटलं. तुमच्या मुलाला उद्या कोणी पोलीस चौकीवर बोलावलं तर त्याच्या कामाला येणारं कलम हेच आहे.