पायाच्या तळव्यावरची चामखीळ घरच्या फ्रीझिंग किटने जाईल का, की डॉक्टरकडेच गोठवून घ्यावी?

तळव्यासाठी किट मागवू नका. हाताच्या पाठीवरची बारीक, नवी चामखीळ असती तर एकवेळ चाललं असतं.

दवाखान्यातला द्रवरूप नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो. किटच्या डबीत बहुतेक वेळा डायमिथाइल इथर आणि प्रोपेन असतं. त्याने भिजलेलं स्पंजाचं टोक फार तर उणे 57 पर्यंत जातं आणि कातडीला टेकलं की तेवढंही राहत नाही. त्वचेच्या पेशी मारायला साधारण उणे 20 ते 30 अंश आत पोचावे लागतात. तळव्याचा कडक थर मात्र गोधडीसारखा गारवा अडवतो. वर पांढरं पडतं, खाली चामखीळ आणणारा विषाणू शाबूत.

आणखी एक गोष्ट आपल्या सावळ्या कातडीसाठी फार महत्त्वाची. रंग बनवणाऱ्या पेशी उणे 4 ते 7 अंशांनाच मरतात. म्हणजे अर्धवट गारव्याने चामखीळ तशीच राहून भोवती पांढरा डाग पडू शकतो. तळव्यावर तो दिसणार नाही. हातावर महिनोन्‌महिने दिसतो, कधी कायमचा राहतो. हा धोका दवाखान्यातही असतो, तो आधी विचारून घ्या.

डॉक्टर आधी ब्लेडने वरचा थर खरवडतात, मग फवारा मारतात. भोवती एक-दोन मिलिमीटरची पांढरी कड उमटली की तिथून 5 ते 10 सेकंद, जाड असेल तर जास्त. नंतर ते आपोआप वितळू देतात, कारण पेशींची बरीच हानी सावकाश वितळतानाच होते. एका वेळेत क्वचितच भागतं. दर दोन-तीन आठवड्यांनी तीन-चार फेऱ्या धरून चला. फोड येईल, कधी रक्ताचाही. तो फोडू नका.

त्याआधी स्वस्त उपाय नेटाने करा: सुमारे 17 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं औषध. रात्री पाय 5-10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, पांढरा झालेला थर वेगळ्या कानशीने घासा (ती कानस दुसऱ्या कुणी वापरायची नाही), भोवती व्हॅसलीन लावा, मग थेंबभर औषध फक्त चामखिळीवर. असं 12 आठवडे. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात आणि औषधाला नावं ठेवतात. कातडी सोलवटली तर दोन दिवस थांबा.

मुळात ती चामखीळच आहे ना, हे बघा. घासल्यावर काळे ठिपके दिसतात आणि कातडीच्या रेषा तिथे तुटतात. चिमटीत दाबल्यावर जास्त दुखते ती चामखीळ, सरळ दाबल्यावर दुखतं ते कुरूप.

मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर किटही नको आणि ॲसिडही नको, थेट त्वचारोगतज्ज्ञ. चेहरा, गुप्तांग आणि नखांच्या कडा यांनाही हेच लागू. गोळा रंग बदलत असेल, आपोआप रक्त येत असेल, तर 12 आठवडे थांबू नका.