"आमची सून पळवलीत, केस टाकतो" अशी धमकी आलीय, काय करू?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. शेजारची सून रात्री साडेअकराला चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन तुमच्या दारात आली, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, दंडावर वळ, तुम्ही बचत गटाच्या खोलीत तिची सोय केलीत, आणि आता तिसऱ्या दिवशी नवरा न दीर येऊन म्हणतायत सून पळवली, पोरगी पळवली, केस टाकतो. वर गटातल्याच दोघी म्हणतायत कशाला नसती भानगड, तिला परत नांदायला पाठवा.

आधी एक सांगते, तुम्ही बरोबर केलंत. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने घर सोडून आली तर तिला कुणी पळवलं असं होत नाही. पोरगी तर आईसोबतच आलीय, आणि पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा सहसा आईकडे असावा असं 1956 चा हिंदू पालकत्वाचा कायदाच सांगतो. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे त्याचं कलम 4 म्हणतं की अशा छळाची माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतं आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर ना दिवाणी ना फौजदारी जबाबदारी येत. तुम्ही माहिती दिलीय का अजून? मेसेजमध्ये तसं काही दिसलं नाही, तर आजच द्या. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात, त्यांना लेखी द्या आणि पोच घ्या, पोलीस ठाण्यातही एक अर्ज देऊन पोच घ्या.

आणि कागद करा हो. "मी माझ्या मर्जीने इथे आलेय" असं तिच्याच हाताने लिहून, तारीख वेळ टाकून सही घ्या. गटाच्या मीटिंगच्या वहीत त्या रात्रीची नोंद करा, कोण कोण होतं, काय दिसलं, आणि ती नोंद आज लिहिली तर आजचीच तारीख टाका, मागची टाकू नका. वळ फिके पडायच्या आत सरकारी दवाखान्यात न्या, केस पेपर जपून ठेवा. कोर्टात उलटतपासणी सुरू झाली की अशा साध्या वहीनेच बाईला तारलेलं मी पाहिलंय.

तुम्ही विचारलंय की आमचा गट तिचा रिपोर्ट लिहू शकतो का. नाही. डीआयआर म्हणजे घरातल्या छळाच्या घटनेचा अहवाल, तो संरक्षण अधिकारी लिहितात, किंवा या कायद्याखाली राज्य सरकारकडे सेवा देणारी म्हणून नोंदलेली संस्था. बचत गट तशी संस्था नाही. पुढे हे काम कायम करायचं मनात असेल तर आधी संस्था रजिस्टर करून मग कलम 10 खाली नोंदणी मागता येते, आणि मला वाटतं तुम्ही ते करावं, कारण तालुक्यात रात्री दार उघडणारं कुणीतरी लागतंच. तोवर तिला जास्त दिवस तुमच्या खोलीत ठेवू नका, नवऱ्याला जागा माहीत झालीय. 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवस राहता येतं, पुढे निवारागृह.

नांदायला पाठवा म्हणणाऱ्या त्या दोघींना माझ्याकडून सांगा, समेटाची बैठक तुम्ही घ्यायची नाही. चार लोकांत दीर हात जोडेल, बाई मान हलवेल, आणि घरी गेल्यावर दुप्पट मार खाईल. जायचं की नाही हे तिने ठरवायचं, तेही तिला नीट झोप मिळाल्यावर, कुणी तिच्या डोक्यावर उभं नसताना.

याच 2005 च्या कायद्याच्या कलम 12 चा, कोर्टाकडे संरक्षण मागायचा अर्ज ती आत्ता जिथे राहतेय तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही होतो, माहेरच्या किंवा सासरच्या कोर्टातच जा असं काही नाही. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अर्जासोबतच कलम 23 खाली अंतरिम आदेश मागायला वकिलांना सांगा, मारहाणीला मनाई, घरात राहायचा हक्क आणि खर्चाला पैसे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा राहायचा हक्क आपोआप जात नाही. वकिलाची फी नको, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 लावा.

उद्या जाताना गटातल्या दोघी तिच्यासोबत जा, आणि त्याआधी तिला एक चपलेचा जोड घ्या.