सागरी धोरण संशोधकाचे काम नेमके कसे असते? रत्नागिरीच्या एका आईच्या पत्रास उत्तर

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. आपली कन्या प्राणिशास्त्र विषय घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, महाविद्यालयात झालेल्या एका व्याख्यानानंतर तिने आंतरराष्ट्रीय प्रकल्पांवर काम करणारी सागरी धोरण संशोधक होण्याचे मनावर घेतले आहे, आणि त्यामुळे आपण व तिचे वडील काळजीत आहात, असे आपण लिहिले आहे. तिला महिनोन्‌महिने जहाजावर राहावे लागेल का, ही नोकरी कायमची असते का, आणि त्यासाठी घर तारण ठेवून तिला लगेच परदेशी पाठवावे का, हे आपले प्रश्न आहेत.

जहाजाची काळजी आपण मनातून काढून टाकावी. सागरी शास्त्रज्ञांना मोहिमांवर जावे लागते. धोरण संशोधक क्वचितच जातो, आणि गेलाच तर पाहुणा म्हणून. त्याचा बहुतेक दिवस वाचन, टिपणे, मसुदे आणि बैठका यांत जातो. समुद्राच्या ओढीने या क्षेत्रात आलेली काही मुले पहिल्या वर्षातच हिरमुसतात, ती यामुळेच. म्हणून आपल्या कन्येला मी सर्वप्रथम एवढेच विचारीन की, चाळीस पानांचा किचकट मसुदा तीनदा वाचण्यात तिला रस वाटतो का? तो वाटत असेल, तर पुढचे सगळे शिकता येते.

हे मसुदे कशासाठी असतात, ते थोडे सविस्तर सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र त्या त्या देशाचा प्रादेशिक समुद्र असतो, आणि २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासळीवर व खनिजांवर त्याच देशाचा हक्क असतो. त्याच्या पलीकडचा खुला समुद्र, म्हणजे जगातील महासागरांचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, कोणत्याही एका देशाचा नाही. तेथील जहाजवाहतुकीचे नियम लंडनमध्ये ठरतात, समुद्रतळावरील खनिजांचे जमैकातील किंग्स्टनमध्ये, आणि हिंदी महासागरातील ट्यूनाच्या मासेमारीचे नियम करणाऱ्या आयोगाचे कार्यालय सेशेल्समध्ये आहे. या खुल्या समुद्रातील जैवविविधतेचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत राहिला होता. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी कार्यगट नेमला, करार करण्यासाठीची परिषद २०१८ मध्ये भरू लागली, १९ जून २०२३ रोजी करार स्वीकारला गेला, भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. कार्यगट नेमल्यापासून करार लागू होईपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या व्यवसायात कामाचे फळ दिसायला इतका वेळ लागू शकतो, हे मुलीने पक्के समजून घेतले पाहिजे.

या वाटाघाटींतील एकच मुद्दा जवळून पाहू. खुल्या समुद्रात एखादा उद्योग सुरू करण्यापूर्वी पर्यावरणावरील परिणाम तपासायचा, हे बहुतेकांना मान्य होते. पण तपासणीनंतर परवानगी द्यायची की नाही, हे त्या उद्योगावर ताबा असलेल्या देशाने ठरवायचे की सर्व सदस्य देशांच्या परिषदेने, यावर तीव्र मतभेद होते. अशा वेळी मसुद्यात दोन्ही पर्याय चौकोनी कंसांत शेजारी शेजारी ठेवले जातात आणि एकमत झाल्यावरच कंस निघतात. एखाद्या लहान देशाच्या शिष्टमंडळाला साहाय्य करणारा संशोधक या कलमासाठी एक तक्ता तयार करतो, ज्यात कोणत्या देशगटाने मागील सत्रात काय म्हटले, दुसऱ्या करारांत अशाच प्रश्नाचे उत्तर कसे दिले आहे, आणि कोणता पर्याय स्वीकारला तर आपल्या देशावर किती खर्चाचा व कामाचा भार येईल, हे सारे मांडलेले असते. सकाळच्या बैठकीत कोणी नवी शब्दरचना सुचवली, तर दुपारच्या बैठकीआधी तो तक्ता सुधारून द्यावा लागतो. शेवटी अंतिम करारात निर्णयाचा अधिकार त्या त्या देशाकडेच राहिला, पण पारदर्शकतेच्या, सल्लामसलतीच्या आणि अहवाल प्रसिद्ध करण्याच्या अटी घालून. त्या अटींमागे पुष्कळ अनाम टिपणांचे श्रम आहेत. त्या टिपणांवर लिहिणाऱ्याचे नाव सहसा नसते, आणि हे ज्याला खुपते त्याने विद्यापीठातील अध्यापनाचा मार्ग धरलेला बरा.

सगळे संशोधक अशा सभागृहांत बसत नाहीत. बहुतेक जण प्रकल्पांवर काम करतात. युरोपीय संघाच्या किंवा जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीसंस्थेच्या निधीतून तीन ते पाच वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो, अनेक देशांतील संस्था त्यात भागीदार असतात, आणि प्रत्येक संस्थेने कोणता अहवाल कोणत्या महिन्यात द्यायचा, हे करारातच लिहिलेले असते. न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहाला सुरू होणारी बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते, त्यामुळे भारतातून काम करणाऱ्यांच्या रात्री अनेकदा संगणकासमोर जातात. प्रवास असतो, पण वर्षातून काही वेळा आणि बहुतेकदा ज्येष्ठांना. कनिष्ठांच्या वाट्याला खर्चाचे हिशेब आणि व्हिसाची कागदपत्रे येतात.

या जागतिक कामाचा एक धागा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘गवेषणी’ या जहाजातून १९८१ मध्ये समुद्रतळावरील बहुधात्विक गाठी वर आणल्या. निकेल, तांबे, कोबाल्ट आणि मँगनीज असलेल्या या गाठींच्या शोधासाठी भारताचा किंग्स्टनच्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २००२ पासून करार आहे आणि मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्यासाठी राखलेले आहे. १९९७ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी त्या भागातील तळाचा गाळ मुद्दाम ढवळून तेथील जीवसृष्टीवर काय परिणाम होतो, हे तपासले. अशा प्रयोगांचे निष्कर्ष उत्खननाच्या नियमांत कसे उतरवायचे, किती हानी झाली की काम थांबवायचे, आणि तसे सांगण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हे धोरण संशोधकाचे प्रश्न आहेत. विज्ञानाचा पाया असलेली माणसे तेथे हवीच आहेत.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गाचे. जागतिक पर्यावरण सुविधेच्या निधीतून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने तेथे किनारी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला, आणि त्यात ट्रॉलरच्या जाळ्याच्या खोळीला, म्हणजे मासळी साठणाऱ्या शेवटच्या पिशवीला, चौकोनी आस (जाळ्याचे छिद्र) लावण्याचा प्रयत्न झाला. नेहमीचा शंकरपाळी आकाराचा आस ओढ बसली की मिटतो आणि लहान पिल्लेही अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो आणि पिल्ले निसटतात. तांत्रिकदृष्ट्या एवढे पुरेसे आहे. पण नवी खोळ कोणी विकत घ्यायची, पहिल्या हंगामात कमी झालेली मासळी तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी कशी सोसणार, शेजारच्या बंदरातील ट्रॉलर जुनेच जाळे ओढत असतील तर एकट्या मालवणने का बदलायचे, आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ नुसार परवान्यात ती अट कशी घालायची, हे सगळे धोरणाचे काम आहे. लिलावाच्या वेळी बंदरावर उभे राहून रापणकर (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) आणि पर्ससीनवाले (नौकेवरून मोठे वेढा जाळे टाकणारे) या दोघांचेही म्हणणे ऐकून घेता येणारी मुलगी अशा प्रकल्पाला फार मोलाची असते. आपल्या कन्येला हे लोक, त्यांची भाषा आणि मासळीची स्थानिक नावे घरातूनच मिळाली आहेत. ती भाषा केवळ पुस्तकांतून शिकलेल्या बाहेरच्या संशोधकाला ही जवळीक साधायला बराच काळ लागतो.

आता नोकरीच्या स्थैर्याविषयी. सुरुवातीची आठ-दहा वर्षे बहुतेकांना कंत्राटी कामे करावी लागतात आणि चालू प्रकल्प संपण्याच्या वर्षभर आधी पुढच्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहावा लागतो. सरकारी संशोधन संस्था, मत्स्यव्यवसाय विभाग किंवा विद्यापीठे यांतच कायमची पदे असतात आणि ती थोडी आहेत. नेट उत्तीर्ण होऊन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने कनिष्ठ टप्प्यात दरमहा ३७,००० आणि ज्येष्ठ टप्प्यात ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमानुसार घरभाडे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील प्रशिक्षणार्थींना मात्र वेतन नसते. न्यूयॉर्कचा राहण्याचा खर्च घरूनच करावा लागतो. त्या नावाच्या मोहाने आपण पैसे घालवू नयेत.

म्हणूनच, घर तारण ठेवून तिला आत्ता परदेशी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंत्राटी उत्पन्नावर मोठ्या कर्जाचे हप्ते ओढताना मुले मिळेल ते काम धरतात आणि हे क्षेत्रच सोडून जातात. तिने आधी सागरी विज्ञानात एमएस्सी करावी. गोवा विद्यापीठ त्यासाठी जवळचे आहे, आणि शोधप्रबंधासाठी दोना पावलाच्या संस्थेत प्रयत्न करता येतो. नुसत्या ‘धोरण’ नावाच्या पदवीपेक्षा एका विषयात खोल उतरलेली माणसे पुढे टिकतात. मग दोन-तीन वर्षे एखाद्या किनारी प्रकल्पावर किंवा बेंगळुरूच्या दक्षिण फाउंडेशनसारख्या संस्थेत काम करावे, आणि त्यानंतर शिष्यवृत्तीवर बाहेर जावे. स्वीडनमधील माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठात अनेक विद्यार्थी देणगीदारांच्या अधिछात्रवृत्तीवर शिकतात, पण तेथे कामाच्या अनुभवाला वजन असते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्त्याही आहेत. कायद्याची पदवी अनिवार्य नाही, तरी कायद्याचे वाचन टाळून चालणार नाही.

परीक्षा झाल्यावर तिने एक करून पाहावे. खुल्या समुद्रातील जैवविविधतेचा करार संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. त्यातील पर्यावरणीय परिणामांचा चौथा भाग तिने वाचावा आणि रत्नागिरीच्या एखाद्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांना समजेल असे दोन पानांचे टिपण मराठीत लिहावे. नंतर तेच इंग्रजीत, एका पानात. लिहिताना ती कंटाळली की रमली, हे आपल्याला घरात दिसेलच. दोन्ही टिपणे मला पाठवावीत, म्हणजे एमएस्सीसाठी कोणत्या शाखेत अर्ज करावा, हे मला अधिक नेमकेपणाने सांगता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक