‘कमळ’ला टाळ्या किती?

“मॅडम, पाच वर्षांची झाली तरी हिला दर तुकड्याला एक टाळी वाजवत शब्दातले तुकडे मोजता येत नाहीत. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, तर नसेल ना?” आईने वही पुढे केली. कमळाच्या चित्राखाली मुलीने २ लिहिले होते. त्यावर शाळेतल्या बाईंची लाल फुली, शेजारी ३. घरी रोज संध्याकाळी याचाच सराव चाले आणि शेवट रडारडीत होई.

असे पालक बरेच येतात. बहुतेकदा घोळ मुलाच्या कानात नसतो, मोठ्यांच्या डोळ्यांत असतो. आपल्याला लिहिता-वाचता येतं, म्हणून आपण लिहिलेली अक्षरं मोजतो. तिला वाचता येत नाही. ती ऐकू येतं तेच मोजते. मी तिला हनुवटीखाली हात धरून ‘कमळ’ म्हणायला सांगितलं. हनुवटी दोनदा खाली आली, क-मळ. ‘घर’ला एकदाच. मग आईलाही तेच करायला लावलं, तेव्हा त्यांना हसू आलं. (इ, उ म्हणताना हनुवटी जेमतेम हलते, म्हणून सुरुवात बाबा, मामा, आजोबा अशा शब्दांनी करावी.)

‘हेलिकॉप्टर’ला मात्र ती अडखळली. टाळ्या चार, उत्तर पाच. म्हणजे शब्द नीट फुटत होता, आकडेच पुढे पळत होते. मी आकडे काढूनच टाकले. दर तुकड्याला एक बटण पुढे सरकवायचं, एवढंच. चार बटणं, बिनचूक.

मानसशास्त्रज्ञ इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शब्दांचे असे तुकडे ठोकून दाखवायला सांगितले, तेव्हा चार वर्षांच्या जेमतेम निम्म्या मुलांना ते जमलं; पहिलीतल्या ९० टक्के मुलांना. पाचव्या वर्षी डिस्लेक्सियाचं नाव काढायची घाई कशाला? पहिली संपत आली तरी ‘बाबा’ फोडता येत नसेल, यमक ओळखू येत नसेल, बोलणंही अस्पष्ट असेल, तर तपासणी जरूर करावी. तीही आधी कानांची.

“मग वहीत काय लिहायचं?” आईचा प्रश्न रास्त होता. अक्षरं विचारली असतील तर तीन, टाळ्या विचारल्या असतील तर दोन. “बाईंना नेमकं काय हवंय, ते एकदा विचारून घ्या. तोवर संध्याकाळचा सराव बंद.”